विश्लेषण : वेगवान मोटारीला ‘अपग्रेड’ ब्रेक पॅड लावल्याने ती खरेच लवकर थांबते?

दमदार इंजिनाची मोटार घेतली, की मालकाचे लक्ष काही महिन्यांतच चाके, टायर आणि ब्रेककडे वळते. त्यात सर्वांत सोपा आणि तुलनेने स्वस्त बदल म्हणजे ब्रेक पॅड. जुने काढायचे आणि ‘स्पोर्ट’, ‘परफॉर्मन्स’ किंवा थेट ‘रेस’ असे लिहिलेले नवे बसवायचे. गाडी आता अधिक सुरक्षित झाली, असे समाधान त्यातून मिळते. मात्र चुकीचा पॅड निवडला तर नेमके उलट होऊ शकते. शर्यतीच्या ट्रॅकवर उत्तम काम करणारा पॅड थंडीतल्या सकाळी, सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या पहिल्या सिग्नलवर कंपनीच्या मूळ पॅडपेक्षा कमी पकड देतो. असे का होते आणि निवड कशी करावी, याचा हा आढावा.

ही चर्चा आताच का?

भारतात वेगवान हॅचबॅक आणि सेडान मोटारींचा ग्राहक संख्येने कमी, पण हौशी आहे. २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणि स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. दोन्ही गाड्यांमध्ये २ लिटरचे, २६५ पीएस ताकदीचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. पहिलीची किंमत सुमारे ५३ लाख, तर दुसरीची सुमारे ५० लाख रुपये होती. मोजक्याच संख्येने आलेल्या या गाड्या झपाट्याने विकल्या गेल्या. त्याखेरीज लहान टर्बो इंजिनाच्या गाड्यांची ताकद संगणकीय ‘ट्यूनिंग’ करून वाढवणारेही अनेक आहेत. ताकद वाढली की वेग वाढतो आणि वेग वाढला की तो आवरण्याचा प्रश्न येतो. पुण्या-मुंबईचे काही हौशी चालक तर हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गाडी पळवतात आणि त्याच गाडीने परत येतात. एकाच गाडीला महामार्ग, घाट, शहर आणि ट्रॅक असे सगळे झेपावे लागते. पॅडच्या निवडीचा पेच इथेच सुरू होतो.

ब्रेक पॅड नेमके काय करतात?

पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि कॅलिपर दोन्ही बाजूंचे पॅड फिरत्या डिस्कवर दाबतो. घर्षणामुळे चाकाचा वेग कमी होतो आणि गाडीच्या गतीतील ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणजे ब्रेक हे मुळात उष्णता तयार करणारे आणि ती हवेत सोडणारे यंत्र आहे.

गाडी जितकी जड, तितकी उष्णता जास्त. वेगाचा परिणाम मात्र वर्गाच्या पटीत होतो. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची, तर सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटरहून थोडे अधिक पाणी उकळीला येईल. तीच गाडी ताशी १६० किलोमीटरवरून थांबवायची, तर जवळपास १४.८ लाख ज्यूल. वेग दीडपटीहून थोडा अधिक, पण उष्णता अडीच पटींहून जास्त. ही सारी उष्णता काही सेकंदांत चार डिस्कमध्ये, त्यातही बहुतांश पुढच्या दोन डिस्कमध्ये साठते.

नवे पॅड लावले की गाडी कमी अंतरात थांबते का?

बहुतेकदा नाही. गाडीला शेवटी थांबवतो तो टायर. रस्त्यावरची त्याची पकड संपली, की ब्रेक कितीही जोरदार असला तरी चाक घसरते किंवा एबीएस मध्ये पडून दाब कमी करते. आजच्या कोणत्याही चांगल्या मोटारीचे मूळ ब्रेक, थंड असतानाही, ताशी १०० किलोमीटर वेगाला चारही चाकांवर एबीएस चालू करू शकतात. याचा अर्थ एका कचकन मारलेल्या ब्रेकपुरती मूळ पॅडची ताकद पुरेशी असते. कोरड्या रस्त्यावर उत्तम टायरच्या जोरावर ताशी १०० वरून थांबायला साधारण ३९-४० मीटर लागतात. महागडा पॅड लावून हे अंतर फारसे घटत नाही. ते घटवायचे असेल, तर पैसे आधी टायरवर खर्च करायला हवेत.

मग पॅड बदलून मिळते काय?

पॅड बदलल्याने फरक पडतो तो पहिल्या ब्रेकला नव्हे, दहाव्या ब्रेकला. पॅडमध्ये धातूचे कण, खनिजे, तंतू, ग्राफाइट आणि हे सगळे बांधून ठेवणारी राळ असते. ठरावीक तापमानापलीकडे ही राळ विघटित होऊ लागते, वायू बाहेर पडतो आणि पॅड-डिस्कमधले घर्षण कोसळते. चालकाला पेडल नेहमीसारखेच घट्ट लागते, तो जीव खाऊन दाबतो, पण गाडी हवी तशी हळू होत नाही. यालाच ‘ब्रेक फेड’ म्हणतात.

चांगला परफॉर्मन्स पॅड ही मर्यादा वर नेतो. साध्या पॅडची पकड जिथे ढळू लागते, तिथेही तो सारखाच वागतो. पेडल किती दाबले तर गाडी किती हळू होईल, याचा अंदाज पहिल्या वळणाइतकाच दहाव्या वळणावरही खरा ठरतो. थोडक्यात, अपग्रेड पॅडमधून जास्त ब्रेक मिळत नाही. जास्त तापमानापर्यंत टिकणारा ब्रेक मिळतो. ही गोष्ट लक्षात आली, की पुढची निवड बरीच सोपी होते.

घाट उतरताना ब्रेक किती तापतात?

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य चालकांच्या ब्रेकची खरी परीक्षा ट्रॅकवर नव्हे, घाटात होते. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी अर्ध्या किलोमीटरहून अधिक उंची गमावते. दीड हजार किलोच्या गाडीसाठी ५०० मीटर उतरणे म्हणजे सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा. ताशी १०० किलोमीटरवरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी. पाण्याच्या भाषेत मोठी बादलीभर पाणी उकळेल एवढी उष्णता.

यातला काही भाग हवेच्या विरोधात जातो. बराच मोठा भाग इंजिन खाऊ शकते, पण त्यासाठी गाडी खालच्या गिअरमध्ये असायला हवी. इंधन वाचवण्याच्या नादात न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक हा सारा भार पॅडवर टाकतो. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरणाऱ्याचेही तेच. डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही. बोरघाटात अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांच्या बातम्या वारंवार येतात. त्यामागेही अनेकदा उष्णतेचे हेच गणित असते. खालच्या गिअरमध्ये, अधूनमधून ठाम ब्रेक मारून पुन्हा सोडत उतरणे हा फुकटातला सर्वांत मोठा अपग्रेड आहे.

ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी पतीने बनवलेल्या मोटारीतून मॅनहाइम ते फोर्झहाइम असा शंभर किलोमीटरहून लांबचा प्रवास केला. उतारावर गाडीचे लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांनी त्यावर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासातला हा पहिला ‘ब्रेक अपग्रेड’ मानला जातो. पुढे १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर भागात हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकच्या अस्तरांचा उद्योग सुरू केला. त्यातूनच आजची ‘फेरोडो’ ही कंपनी उभी राहिली.

पॅडचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने चार-पाच गट करता येतात. ऑरगॅनिक पॅडमध्ये तंतू, रबर, खनिजे आणि राळ असते. ते शांत असतात, धूळ कमी करतात, डिस्क कमी झिजवतात. मात्र उष्णता फार सोसत नाहीत. बाजारात ‘सिरॅमिक’ म्हणून मिळणारे पॅड बहुधा याच घराण्यातले सुधारित भाऊबंद असतात. ते स्वच्छ आणि शांत असतात, पण नावावरून ते शर्यतीचे समजणे चूक आहे. महागड्या सुपरकारमधील कार्बन-सिरॅमिक डिस्क ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. तिच्याशी या पॅडचा संबंध नाही.

लो-मेटॅलिक पॅडमध्ये थोडे पोलाद आणि इतर धातू असतात. युरोपीय गाड्यांमध्ये ते मूळचेच दिसतात. पेडलला ठसठशीत प्रतिसाद मिळतो, मात्र अलॉय चाकांवर काळी धूळ बसते. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातूचे प्रमाण आणखी जास्त असते. ते उष्णता चांगली सोसतात, पण आवाज आणि डिस्कची झीज वाढते. सर्वांत वर शर्यतीचे खास पॅड आणि सिंटर्ड पॅड. सिंटर्ड पॅडमध्ये धातूची भुकटी उष्णता व दाबाने एकजीव केलेली असते.

एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या श्रेणी यांतल्या निरनिराळ्या कामांसाठी असतात. ब्रिटनची ईबीसी कंपनी तर पॅडच्या श्रेणी रंगांच्या नावांनी विकते. त्यामुळे ‘अमुक ब्रँडचे लावले’ एवढ्याने काहीच कळत नाही. त्या ब्रँडचे कोणते कंपाउंड आणि ते कोणत्या तापमानासाठी, हा खरा प्रश्न आहे.

रेस पॅड रस्त्यावर धोकादायक का ठरू शकतो?

प्रत्येक पॅडला कामाच्या तापमानाचा एक पट्टा असतो. शहरात आणि महामार्गावर डिस्कचे तापमान साधारण १०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. सकाळी गाडी बाहेर काढताना ते हवेइतकेच असते. घाटात वेगाने उतरताना ते त्याहून वर जाते, तर ट्रॅकवर ५०० ते ७०० अंशांपर्यंत पोहोचू शकते. शर्यतीचा पॅड या वरच्या पट्ट्यासाठीच घडवलेला असतो. त्यातले काही पॅड दीडशे-दोनशे अंशांखाली मंदच असतात. ट्रॅकवर एक-दोन फेऱ्यांत ते तापतात आणि मग थंड होतच नाहीत. रस्त्यावर मात्र ते क्वचितच तापतात.

परिणामी महामार्गावर तासभर ब्रेकला हात न लावता चाललेल्या गाडीपुढे अचानक जनावर आले, तर थंड रेस पॅडवर पेडल नेहमीपेक्षा खूप जोरात दाबावे लागते. चालकाला हे उमगून पाय अधिक दाबायला अर्धा सेकंद जरी जास्त लागला, तरी ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे तीन मोटारी एकामागे एक उभ्या राहतील इतके अंतर. पावसाळ्यात ओल्या, गार डिस्कवर ही अडचण आणखी वाढते. वर कर्कश आवाज, चाकांना चिकटून डाग पाडणारी लोहयुक्त धूळ आणि भराभर झिजणारी डिस्क हे सारे आलेच. म्हणून पॅड निवडताना तो किती उष्णता सोसतो याइतकाच, किंबहुना त्याआधी, तो थंड असताना कसा वागतो हे विचारायला हवे.

पॅडवरची अक्षरे काय सांगतात?

अनेक पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर एक सांकेतिक क्रमांक आणि त्यात ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी इंग्रजी अक्षरांची जोडी असते. अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेची ही पद्धत आहे. पहिले अक्षर साधारण तापमानाचे घर्षण सांगते, दुसरे गरम अवस्थेतले. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिल्यापेक्षा दुसरे अक्षर वर्णमालेत आधीचे असेल, तर तापल्यावर पकड घटते असा अर्थ होतो. मात्र ही चाचणी ३४३ अंशांच्या आसपास थांबते. ट्रॅकवरच्या ६०० अंशांना पॅड काय करेल, किती आवाज करेल, किती टिकेल, यातले काहीही ही अक्षरे सांगत नाहीत.

दुसरी खूण युरोपची. वर्तुळातले ‘ई’ अक्षर, शेजारी देशाचा क्रमांक आणि ‘९०आर’ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक, अशी ही खूण असते. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आर ९०’ नियमानुसार मोटारीच्या बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के वर-खाली मर्यादेत असावी लागते. म्हणजे पॅड मूळपेक्षा फार कमी पकडणारा नको आणि फार जास्त पकडणाराही नको. रस्त्यावर वापरायच्या पॅडसाठी ही खूण दिलासा देणारी आहे. अस्सल रेस पॅडवर ती सहसा नसते. जर्मनीसारख्या देशात मंजुरी नसलेला पॅड लावला, तर गाडीचा रस्त्यावर चालवण्याचा परवानाच बाद होऊ शकतो.

तिसरी खूण पानाची. ब्रेकच्या धुळीतले तांबे नदी-नाल्यांत जाऊन माशांना अपाय करते, म्हणून अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. त्यानुसार २०२१ पासून पॅडमध्ये तांबे ५ टक्क्यांखाली आणि २०२५ पासून कॅलिफोर्नियात ०.५ टक्क्यांखाली हवे. खोक्यावर तीन भरीव पाने असतील, तर तांबे जवळपास नाहीच. तांबे उष्णता वाहून नेण्यात तरबेज असल्याने त्याला पर्याय शोधताना कंपन्यांनी कंपाउंडच बदलली आहेत. त्यामुळे एखाद्या नावाजलेल्या पॅडचा दहा वर्षांपूर्वीचा अनुभव आजच्या खोक्याला तंतोतंत लागू होईलच असे नाही.

पॅडआधी ब्रेक ऑइल का बदलावे?

बोलीभाषेत ब्रेक ऑइल म्हटले, तरी ते तेल नसते. बहुतेक गाड्यांतला हा द्रव हवेतला ओलावा शोषतो आणि ओलावा शोषला, की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. नव्या डॉट ४ द्रवासाठी किमान उत्कलनबिंदू २३० अंश ठरवलेला आहे. पाणी मुरलेल्या अवस्थेत ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० अंश आहेत. द्रव उकळला, की कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल स्पंजासारखे मऊ होऊन थेट तळाला जाते.

दोन बिघाडांमधला फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. पेडल घट्ट, पण गाडी हळू होत नाही, तर दोष तापलेल्या पॅडचा. पेडलच मऊ होऊन खाली जाते, तर संशय उकळलेल्या द्रवावर किंवा गळतीवर. दुसऱ्या प्रकारात कितीही महागडे पॅड लावून उपयोग नाही. उलट जास्त उष्णता सोसणारे पॅड चालकाला अधिक जोरात ब्रेक मारायला धजावतात आणि जुना द्रव त्याआधीच हात टेकतो. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी द्रव बदलायला सांगतात. कोकणासारख्या दमट हवेत ही मुदत चुकवू नये. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी तर प्रत्येक मोठ्या फेरीआधी तो ताजा करावा. नावात साम्य असले, तरी सिलिकॉनवर आधारित डॉट ५ हा वेगळा द्रव आहे. तो डॉट ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नये.

फक्त पुढचे पॅड बदलले तर चालते का?

ब्रेक मारला, की गाडीचा भार पुढे सरकतो. म्हणून पुढच्या ब्रेकवर जास्त काम असते. हे प्रमाण उत्पादक काळजीपूर्वक ठरवतो. पुढे फार जास्त पकडीचे पॅड लावले आणि मागे मूळचेच ठेवले, तर मागची चाके आपला पूर्ण वाटा उचलत नाहीत. उलट मागेच आक्रमक पॅड लावले, तर मागची चाके आधी घसरू शकतात आणि गाडी गोल फिरण्याचा धोका असतो. एबीएस आणि ईएसपी हे सावरतात, पण त्यांना गरजेपेक्षा लवकर आणि वारंवार मध्ये पडावे लागते. शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंना एकाच श्रेणीचे किंवा पॅड बनवणाऱ्या कंपनीने सुचवलेल्या जोडीचेच पॅड घ्यावेत. एका धुरीच्या दोन्ही चाकांचे पॅड तर एकाच वेळी बदलायलाच हवेत.

आणखी एक व्यावहारिक बाब. नव्या गाड्यांत मागच्या कॅलिपरवर इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकची मोटर असते. स्कॅनर लावून ती सर्व्हिस मोडवर न नेता पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलला, तर ती निकामी होऊ शकते. हे उपकरण मेकॅनिककडे आहे का, हे आधीच विचारलेले बरे.

नवे पॅड बसवल्यावर लगेच घाट उतरावा का?

नाही. नव्या पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसल्याशिवाय ब्रेक पूर्ण ताकदीने काम करत नाही. यासाठी ‘बेडिंग’ करावे लागते. साधारण पद्धत अशी : मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर मध्यम वेगावरून ताशी दहा-वीस किलोमीटरपर्यंत ठाम ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचे नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असे अनेकदा करायचे आणि मग काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी गार होऊ द्यायची. नेमके वेग आणि आवर्तने पॅडसोबतच्या पत्रकात असतात आणि तीच पाळावीत. गरम ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. पुढे पेडलला कंप जाणवतो. लोक ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणतात, पण अनेकदा दोष या असमान थराचा असतो. पहिल्या कडक तापण्यात नव्या पॅडच्या राळेतून वायू सुटून पकड अचानक घटू शकते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी पॅड बसवून शनिवारी पहाटे भरल्या गाडीने घाटात जाणे टाळलेलेच बरे.

कायदा आणि विमा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. ब्रेक पॅड हा झिजून बदलण्याचाच भाग आहे आणि नोंदणी प्रमाणपत्रात त्याचा तपशील नसतो. त्यामुळे त्याच मापाचा चांगला पॅड लावणे आणि रंग, इंजिन किंवा सांगाडा बदलणे यांत मोठा फरक आहे. तरीही मोठे कॅलिपर, मोठ्या डिस्क आणि त्यासाठी मोठी चाके असा पूर्ण संच बसवायचा असेल, तर प्रश्न वेगळा होतो. अशा बदलांची माहिती विमा कंपनीला आधी देणे आणि वॉरंटीवर काय परिणाम होईल ते लेखी विचारणे हिताचे. ‘फक्त शर्यतीसाठी’ असे खोक्यावर छापलेला पॅड रस्त्यावर वापरून अपघात झाला, तर ती ओळ मालकाच्या विरोधात वाचली जाऊ शकते.

बनावट मालाचा धोकाही इथे मोठा आहे. नामांकित पॅडची हुबेहूब खोकी बाजारात मिळतात आणि नुसत्या डोळ्यांनी घर्षण मोजता येत नाही. अधिकृत वितरकाकडून पक्के बिल घेऊन खरेदी करणे, खोक्यावरचा आणि पॅडवरचा क्रमांक जुळतो का ते पाहणे, कंपनीने पडताळणीचा कोड दिला असेल तर तो तपासणे हे किमान उपाय आहेत. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारा ‘आयात’ पॅड ही सवलत नसून इशारा समजावा.

पुढच्या काळात काय बदलेल?

आतापर्यंत प्रदूषणाची मर्यादा फक्त धुराड्याला होती. युरोपीय संघाच्या ‘युरो ७’ नियमांत प्रथमच ब्रेकच्या धुळीलाही ती लावण्यात आली आहे. नोव्हेंबर २०२६ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना हे नियम लागू करण्याचे ठरले आहे. पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड मोटारींसाठी ब्रेकमधून सुटणाऱ्या बारीक कणांची मर्यादा किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, तर केवळ बॅटरीवरच्या मोटारींसाठी ३ मिलिग्रॅम आहे. त्यामुळे कमी झिजणारे पॅड आणि कठीण लेप दिलेल्या डिस्क यांचा वापर वाढेल. लेप दिलेल्या डिस्कला तिच्यासाठीच बनवलेला पॅड लागतो. डोळे झाकून पॅड बदलण्याचे दिवस त्यामुळे आणखी कमी होतील. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक वेगवान गाड्या युरोपातच आखलेल्या असल्याने हा बदल इथल्या गॅरेजपर्यंतही पोहोचेल.

मग निवड कशी करावी?

गाडी सर्वांत थंड असताना आणि सर्वांत गरम असताना तिच्याकडून काय अपेक्षा आहे, या दोन प्रश्नांतून उत्तर मिळते. रोज कार्यालय, महिन्यातून एकदा महामार्ग आणि शिस्तीत घाट असा वापर असेल, तर कंपनीचे मूळ किंवा ‘आर ९०’ खुणेचे पॅड, ताजे ब्रेक ऑइल आणि चांगले टायर पुरेसे आहेत. २६५ पीएसच्या गाडीलाही हेच लागू पडते. कारण उत्पादकाने तिचे ब्रेक त्या ताकदीसाठीच आखलेले असतात.

इंजिनाची ताकद वाढवली असेल, घाटात उत्साहाने गाडी हाकली जात असेल आणि उतरताना पकड ढळल्याचा अनुभव एकदा जरी आला असेल, तर वरच्या श्रेणीचा, पण थंड असतानाही पकडणारा रस्त्यावरचा परफॉर्मन्स पॅड योग्य. थोडी धूळ आणि अधूनमधून आवाज सोसावा लागेल. वर्षातून दोन-चार वेळा ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी सर्वांत शहाणा मार्ग म्हणजे पॅडचे दोन संच. ट्रॅकचे पॅड सोबत न्यायचे, तिथे पोहोचून बदलायचे आणि परतीच्या प्रवासाआधी पुन्हा रस्त्याचे पॅड चढवायचे. दोन संचांतली द्रव्ये डिस्कवर एकमेकांशी जुळतात का, तेही विक्रेत्याला विचारावे लागते. काम कटकटीचे आहे, पण ट्रॅकवर आणि रस्त्यावर दोन्हीकडे सारखाच उत्तम असा पॅड अस्तित्वात नाही. तसा दावा कोणी करत असेल, तर त्याच्याकडे एकच प्रश्न विचारावा : हा पॅड गार असताना पहिल्याच ब्रेकला किती पकडतो? त्याचे उत्तर तापमान आणि घर्षणाच्या आलेखासह मिळाले, तरच पुढचा व्यवहार करावा.